जेवलाव का

औशाच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा
पाट्यांवरचं एकही अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं.
रुक्मांगद शिपाई न्यायला गेलेला,
हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तिचं नाव,
स्पेलिंग मीच घालून दिलेलं.
बोरा. कोरियाची.
आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला.

मी तिथं बावीस वर्षं इंग्रजीच शिकवते.
बावीस वर्षांत इंग्रजीत मला
कुणी उलट उत्तर दिलेलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं काहीतरी विचारलं.
मी म्हटलं, यस.
नंतर कळलं, संडास कुठाय म्हणत होती.

हळूहळू उमगलं, तिचंही माझ्यासारखंच.
वाक्य आधी घरच्या भाषेत जुळवायची,
मग एकेक शब्द उचलून पलीकडं ठेवायची,
ओढ्यातून जाताना चपला हातात घ्याव्यात तशी.
इंग्रजी दोघींच्याही पायातलं दुसऱ्याचं,
तिचं जरा महागातलं, एवढंच.

नळ आठव्या दिवशी येतो.
तिनं कॅलेंडरवर निळे गोल काढले,
आता घरमालकीणच पाण्याची तारीख तिला विचारते.

डिसेंबर लागला नि तिच्या टेबलावर बोरं,
खिशातली, दप्तरातली, रुमालाला गाठ मारून आणलेली.
बोराबाईला बोरं, यात पोरांना शंका नव्हती.
ती म्हणाली, नाही रे,
माझ्या नावाचा अर्थ जांभळा रंग.
शेवटच्या बाकावरचा बसवंत उठून उभा राहिला:
"जांभळं जूनमधी येतेत. तवर थांबा, बाई."
तिचा करार एप्रिलपर्यंतचा.

रविवारी आम्ही हिंडायचो.
खरोशाच्या लेण्यांत सगळे मूर्ती बघतात.
ही विचारते, एवढा डोंगर पोखरला,
आतला दगड कुठं टाकला?
मला हा प्रश्न मराठीतसुद्धा सुचला नव्हता.

एकदा फळ्यावर माझ्या अक्षरात होतं, हाऊ आर यू.
सगळा वर्ग एका सुरात, फाइन थँक्यू.
तिनं पुसलं.
आमच्या गावात असं कुणी विचारत नाही, म्हणाली,
भेटलं की विचारतात, भात खाल्ला का?
वर्ग उसळला:
"जेवलाव का! जेवलाव का!"
मग तिनं लिहिलं, हॅव यू ईटन.
स्टाफरूममध्ये मी तिला हळूच सांगितलं,
हे परीक्षेला येत नाही.

येळवशीच्या सकाळी तिचा फोन.
आवाज बारीक झालेला.
सगळे कुठं गेले? शटर बंद,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
युद्ध लागलं का?
मी हसले. मग हसायचं थांबले,
तिच्या देशात हा प्रश्न चेष्टेचा नसावा.
शेतात गेलेत, म्हटलं. तूही चल.

बसवंतच्या शेतात कडब्याची कोप,
आत चुना लावलेले पाच दगड पांडव होऊन बसलेले.
भज्जी, उंडे, मडक्यातली गार आंबील.
आंबील तिनं तीन वाट्या प्याली,
करडईच्या काट्यांनी ओढणी फाडून घेतली.
बसवंतचा बाप पिकाभोवती फिरत शिंपडू लागला,
ओलगे, ओलगे.

तिनं वही काढली. मीनिंग?
मी बापाकडं बघितलं, बापानं त्याच्या बापाकडं.
म्हातारा म्हणाला, "म्हणायचं अस्तंय."
तिनं वही मिटली.
दुसऱ्या फेरीला ती त्यांच्या मागं होती,
सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत.
तिचा ल आमच्यासारखा लागत नव्हता,
ल आणि र यांच्या बांधावरनं चालत होता.
हरभऱ्याला त्याचं काही वाटलं नाही.

जूनमध्ये शाळा भरली.
बसवंतनं कागदात गुंडाळून काहीतरी आणलं,
रिकाम्या खुर्चीकडं बघितलं,
पुडी माझ्यापुढं ठेवली नि निघून गेला.

जांभळ्या जिभेनं मी वर्गात गेले.
फळ्यावर लिहिलं, हॅव यू ईटन.
नवी पोरं. खाली माना घालून उतरवून घेतलं.
एकानं हात वर केला:
"बाई, हे परीक्षेला येतंय का?"